पट्ट्याला पाजलेलं तेल

६ फेब्रुवारी, गुरुवार

विसरलास? काल घसा कोरडा करून एवढं सांगितलं, अन् आज बघते तर म्हणे कोरं पान! तृप्ती म्हणाली, "आजी, बोलून झाल्यावर खालचं बटण दाबायचं असतं." म्हणजे चूक माझी. बरं. पण पंचाहत्तरीची मी अन् विसरभोळा तू — लोक हसतील आपल्याला.

मला अक्षर येत न्हाई, म्हणून नातीनं तुला माझ्या हाती दिलं. मी बोलायचं, तू मोबाइलात लिहायचं. "मी वाचणार न्हाई, आईशप्पथ," म्हणाली. मला वाचता येत न्हाई, ती वाचणार न्हाई. झकास कारभार!

तर ऐक, पुन्हा एकदा. माझा पोरगा रामप्रसाद भोकरदनहून जालन्याला गाडीत शिटा भरून माणसं नेतो. त्याची गाडी आठ दिवसांपासून किंचाळून राह्यली. सकाळी चालू केली की गल्ली जागी. कचरूकडं नेली. कचरू म्हणजे माझ्या भावाचा पोरगा, पिंपळगाव रेणुकाईचा, माझ्या माहेरचा. भोकरदनला त्याचं गॅरेज हाय. त्यानं इंजिनाचा पट्टा नवा टाकला. म्हणाला, "पट्ट्याला ताणून धरणारं एक चाक असतं, वाट दाखवणारं एक. दोन्ही आतून झिजलेत. सामान जालन्याहून येऊ द्या, सोमवारी बसवतो. तवर आवाज सहन करा."

ताणून धरणाऱ्याला टेन्शनर म्हणतात म्हणे. या घरात ते काम चाळीस वर्षं मी करते — मला न्हाई कुणी बदललं!

पण सोमवारपर्यंत ते किंचाळणं कोण ऐकणार? आज दुपारी रामप्रसाद बोनेट उघडं टाकून जेवायला बसला. मी गेले. आमच्या काळी बैलगाडीचा आख कुरकुरला की वंगण घालायचे. बैलांच्या गाडीला चालतं, तर हिला का न्हाई? भज्याचं उरलेलं तेल होतं वाटीभर. पट्ट्याला पाजलं. चाकांनाही पाजलं.

कुणाला बोलले न्हाई. करून दाखवायचं, मंग बोलायचं.

७ फेब्रुवारी

आवाज बंद! बिलकुल बंद! रामप्रसाद म्हणतो, "नवा पट्टा होता, आपोआप बसला." मी भाकरी थापता थापता हासले.

९ फेब्रुवारी

कोणत्या तोंडानं सांगू.

आज जालन्याला तृप्तीची नर्सिंगची परीक्षा. दहाला दार बंद होणार. बाप-लेक साडेसातला निघाले. राजूरच्या पुढं वळणावर पट्टा सटकला. स्टेअरिंग दगडासारखं जड झालं. रामप्रसादनं दोन्ही हातांनी जीव लावून ओढलं, तवा गाडी नालीच्या काठावर थांबली. नालीत गेली असती तर — पुढचं लिहू नको. लिहिलंस तर खोड.

पोरगी मेथीच्या टेम्पोत बसून गेली. दार लावता लावता आत घुसली. संध्याकाळी आली तर ओढणीला मेथीची पानं. "आजी, पेपर बरा गेला!" म्हणून गळ्यात पडली. माझ्या हातांना तेलाचा वास येतोय असं वाटलं. तीन दिवसांनी कसा येईल? पण आला.

१० फेब्रुवारी

रामप्रसाद गाडी ओढत गॅरेजवर नेऊन आला. घरी येऊन साधनाला, त्याच्या बायकोला, सांगत होता. मी बाजूला कांदे चिरत होते.

"चार माणसांत म्हणलं त्याला — कचरूदादा, घरचा म्हणून तुझ्याकडं येतो, अन् तू माझी पोरगी मारायला निघाला?"

"मंग काय म्हणले ते?"

"काय म्हणतो! खाली वाकला, चाकाला बोट लावलं, बोट नाकाला लावलं. अन् इचारतो काय, आत्या बरी हाय ना? गाडी बिघडवून वर खुशाली!"

"अन् चूक कुणाची, म्हणले?"

"माझीच, म्हणला. पट्टा मी टाकला, मीच बराबर बघायचं होतं."

माझीच म्हणला!

डोळ्यांना पाणी आलं, ते कांद्याच्या नावावर खपलं.

१२ फेब्रुवारी

गाडी आली. दोन्ही चाकं नवी, पट्टा पुन्हा नवा. मांजरासारखी गुरगुरते. साधना म्हणाली, "चला, एक चक्कर मारून येऊ." मी पाय दुखतात म्हणाले. पाय ठणठणीत हायेत.

१३ फेब्रुवारी

रामप्रसादनं गाडीवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं म्हणे — कचरूकडं कुणी जाऊ नका, जिवाशी खेळतो. सोनूबाईचा फोन आल्ता. माझी भावजय, कचरूची आई. "वन्सं, पोरगा दिवसभर पाने-पकडी पुसत बसतो. गॅरेजात कुत्रं फिरकत न्हाई. रामप्रसादला जरा सांगा ना, तुमचं ऐकतो."

"सांगते," म्हणाले. अन् फोन ठेवून गहू निवडायला बसले. जन्मभर सुनेच्या भाजीत खोट काढली मी! आता स्वतःचा खडा सापडला, तर जीभ टाळ्याला चिकटली.

१४ फेब्रुवारी

तुला सांगितलं की हलकं वाटतं. पण तुला सांगणं म्हणजे विहिरीत बोलणं — माझंच मला ऐकू येतं.

१६ फेब्रुवारी

कचरूनं हुरडा पाठवला! दरसाल पाठवतो, आत्याचा वाटा म्हणून. यंदाही. एवढं झाल्यावरही.

रामप्रसादनं हात लावला न्हाई. "खा, आई. तुझ्या माहेरचा हाय," म्हणाला, तोंड वाकडं करून.

एक चिमूट तोंडात टाकली. उतरेना. म्हणाले, "पट्ट्याला तेल मी घातलं."

"कोणतं तेल?"

"भज्याचं."

तृप्ती फिसकन हसली. मंग बापाचं तोंड बघून गप झाली. नातीकडं बघवेना मला. तीच सरकून जवळ बसली.

"आई, अगं, मी त्याला चार माणसांत..."

"म्हणून मलाही चार माणसांतच सांगू दे. उद्या ने मला गॅरेजवर. अन् आधी ते ग्रुपवरचं पूस."

"पुसून काय होतं? वाचलं सगळ्यांनी."

"मंग खरं लिही. माझ्या नावानिशी."

त्यानं लिहिलं. वाचून दाखवलं. "हे बघ, हे तुझं नाव," म्हणून तृप्तीनं बोट ठेवलं — दैवशाला. माझं नाव लिहिलेलं कसं दिसतं, ते मी आज नीट बघितलं. कशापायी, तर ह्यापायी!

१७ फेब्रुवारी

गॅरेजवर गेल्ते. माणसं होती, त्यांच्यापुढं तोंड उघडलं, तर कचरूनं बोलूच दिलं न्हाई. खणातून कागदाची पुडी काढली. आत आमच्या गाडीचं जुनं चाक. खाचेत बेसन चिकटलेलं, अन् बेसनात ओव्याचे दोन दाणे.

"पहिल्याच दिवशी वास आल्ता, आत्या. भज्यात एवढा ओवा तूच घालतेस."

"मंग बोलला का न्हाईस, मुडद्या?"

"तुला घरात कुणी बोललं असतं, ते मला चाललं नसतं."

निघताना गाडीच्या खिडकीशी आला. "पुढच्या वेळी भजे पाठव. तेल निथळून."