घड्याळवाली आजी

४ मार्च
आज सकाळी आमची आजी माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर पडली. चौकटीसकट! सत्तर वर्षं भिंतीवर गुण्यागोविंदाने राहिलेली बाई, नेमकी मी खालून चहा घेऊन जाताना खिळ्याने तिचा हात सोडला. अंगठा वांग्यासारखा झालाय. घरात माझी विचारपूस शून्य. आत्या पलंगावरून ओरडली ती, "अगं, आईला लागलं का?"

ही माझी सख्खी आत्या. वय एकोणऐंशी. ती वर्षाची असताना आजी गेली. तिच्यासाठी आई म्हणजे हा फोटो, तिच्या थोरल्या भावाने, म्हणजे माझ्या कैलासवासी बाबांनी, आणून दिलेला. रोज सकाळी त्याच्याशी बोलते — गुडघे, भाजीचे भाव, माझा फटकळपणा.

काचा गोळा करताना मागचा पुठ्ठा निघाला. फोटोच्या पाठीवर जांभळा शिक्का: एका स्टुडिओचं नाव, आणि खाली 'नमुना. विक्रीसाठी नाही.'

"मागे काही लिहिलंय का गं?"
"कोरं आहे," म्हटलं.

५ मार्च
अंगठा ठणकतोय. नमुना कसला? आजी कसला नमुना होती?

७ मार्च
त्या नावाचा स्टुडिओ अजून आहे, बाजाराच्या मागच्या गल्लीत. आता पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स. मालक पंचाहत्तरीचे, तोंड कारल्याचं. मी तसबीर नेली नव्हती. मोबाईलवर काढलेलं चित्र दाखवलं. त्यांनी खण उघडून एक मनगटी घड्याळ काउंटरवर ठेवलं. आत यंत्र नाही, नुसती तबकडी. दहा वाजून दहा मिनिटं.

आजीच्या मनगटावर तेच. तेच दहा-दहा!

आमच्या घराण्यात या घड्याळाचा केवढा तोरा! "त्या काळात आमची आई घड्याळ वापरायची," हे आत्याने मला पाहायला आलेल्या प्रत्येक स्थळाला ऐकवलंय. (एकही टिकलं नाही, तो दोष घड्याळाचा नाही.) तर आमचा पुरोगामीपणा या खणात होता.

"फोटोतली बाई कोण?" मी विचारलं.
"आमची आई."

त्यांचे वडील दुकानाच्या काचेत लावायच्या नमुना फोटोंसाठी तिलाच बसवायचे. दुसरी कोण फुकट बसणार? मालक सहा वर्षांचे असताना ती गेली.

८ मार्च
काल पुढचं लिहवलं नाही. मालकांकडे आईचा एकही फोटो नाही. फोटोग्राफरच्या घरात! जुन्या काचेच्या निगेटिव्हवरचं चित्र धुऊन वडिलांनी त्या काचा तसबिरींना बसवल्या, तशी पद्धतच होती. "गिऱ्हाइकाच्या काचा जपल्या. घरचं माणूस काय, समोरच आहे म्हणाले." दुकानातले नमुने उन्हाने उडाले. एक धड होता, तो एका पोराने नेला. 'चार दिवसांत परत आणतो, लहान बहिणीला दाखवायचाय.'

"वडील मरेपर्यंत त्याला शिव्या घालत होते. तुम्हाला कुठे मिळाला हा?"

"एका ओळखीच्यांकडे," म्हटलं. सतरा वर्षांचे बाबा डोळ्यांसमोर आले. नऊ वर्षांची बहीण आई कशी दिसायची म्हणून डोकं खात असणार, आणि घरात फोटो नाही. आयुष्यभर शेजाऱ्याची वाटीसुद्धा परत करणारा माणूस. आणि एवढी मोठी बाई ढापली!

९ मार्च
आत्याला कळलं तर संपलंच. मालकांना कळवलं नाही तर मी माणूस नाही. दोन म्हाताऱ्यांत मिळून एक आई, आणि ती माझ्या कपाटात, साड्यांखाली.

११ मार्च
हुबेहूब प्रत काढून घेतली, दुसऱ्या दुकानात. पिवळेपणासकट. प्रत भिंतीवर जाईल, अस्सल मालकांना. आत्याला सांगितलं, काच बसवायला दिलीय. तिने आठवडाभर रिकाम्या खिळ्याकडे पाहून चहा घेतला. माझ्याबद्दलच्या तक्रारीसुद्धा तुंबल्या.

१३ मार्च
प्रत टांगली. आत्याने चष्मा लावून बराच वेळ पाहिली. "काच छान बसवलीन," म्हणाली. सुटले!

१४ मार्च
आज सकाळी माझी वेणी घालता घालता — अजूनही तीच घालते — आत्या म्हणाली, "जुना फोटो तुझ्या कपाटात किती दिवस ठेवणारेस? ज्यांचा त्यांना देऊन ये."

मी मागे वळले.

"बारा वर्षांची होते, पुसताना पुठ्ठा निघाला होता. शिक्का वाचता येत होता मला."

"मग बाबांना बोलली का नाहीस?"

"फोटो आणला तेव्हा त्याने विचारलं होतं, आईच ना ही, आठवते का? मी हो म्हटलं होतं. वर्षाच्या पोरीला काय आठवणार गं? पण केवढा खूश झाला होता!" मग वेणी ओढून, "हल नकोस."

सव्वाअकराला स्टुडिओत गेले. फोटोचं पाकीट मालकांच्या हातात दिलं आणि मी कोणाची मुलगी ते सांगितलं. त्यांनी आधी वडिलांच्या वतीने एक सणसणीत शिवी हासडली. मी ती ऐकून घेतली. मग त्यांनी पाकीट उघडलं.