दारियोचा डावा गुडघा

१४ सप्टेंबर २०००, गुरुवार
क्लबचा ड्रायव्हर रजेवर, म्हणून मॅनेजरने मलाच एअरपोर्टला पिटाळलं. "इब्राहिम, मालिश नंतर, आधी इटालियनला घेऊन ये." नाव दारियो. वय एकोणतीस, फुटबॉलमधला डावा बॅक. एकच बॅग. बाकी सामान कुठे विचारलं तर म्हणाला, एवढंच, सवय आहे.
खोलीवर आल्यावर हसनला सांगितलं. (मामेभाऊ, पण इथे आखातात सहा वर्षं एका खोलीत म्हणजे सख्खाच.) म्हटलं, नवीन खेळाडू लोनवर आलाय. त्याला कळेना. म्हटलं, अरे उसना. त्याचा खरा क्लब इटलीत. ते त्याला खेळवत नाहीत, सोडतही नाहीत. वर्ष-वर्ष दुसऱ्यांना वापरायला देतात.
"पातेलं द्यावं तसं?" हसन म्हणाला. दोघं खूप हसलो.
मग नमाजाला उभा राहिलो तेव्हा वाटलं, हसायला नको होतं.

२१ सप्टेंबर
आज पहिल्यांदा टेबलावर आला. अंग चांगलं कमावलेलं, पण जागोजागी डागडुजी. उजवा घोटा, बरगडी, डावा गुडघा दोनदा कापलेला. मी बोट ठेवलं की तो गावाचं नाव सांगतो. नऊ वर्षांत आठ गावं. एकही नाव माझ्या लक्षात राहिलं नाही.
"आणि स्वतःच्या क्लबात?"
दोन्ही हातांची बोटं दाखवली, मग आणखी एक. अकरा. मला वाटलं, अकरा मॅच. म्हणाला, मिनिटं.
त्याच गावात जन्मलेला. बाप चांभार, चपला-बूट शिवतो, आणि गोलच्या मागच्या त्याच्या जागेवर सव्वीस वर्षं दर मॅचला बसतो.
"तू नसतोस तरी?"
"टीम त्याची आहे ना," दारियो म्हणाला, जणू मी काहीतरी वेडगळ विचारलं.

६ ऑक्टोबर, शुक्रवार
अबुधाबीला मॅच. हरलो. बसमध्ये माझ्या शेजारी बसला. वाटेत मरीनाचं खोदकाम दिसलं, केवढे खड्डे, केवढ्या क्रेन. मी सांगितलं, समुद्र आत आणणार आहेत. तो बघत राहिला. "तुमच्या गावी समुद्र आहे?"
म्हटलं, आहे. आमच्याकडे आपणहून आत येतो, बोलवावं लागत नाही. हर्णैच्या बाजूला घराच्या मागेच.
मग त्याने विचारलं शेवटचा कधी गेला होतास. दोन वर्षं चार महिने म्हणालो. मी अजून मोजतो हे मलाच माहीत नव्हतं.

९ नोव्हेंबर
घरी फोन. झुबेदा म्हणाली, नसीमचा दहावीचा फॉर्म भरला. बापाची सही हवी होती, तीच करून टाकली. "तुमच्यासारखीच केलीय, ओळखू येणार नाही."
नसीम फोनवर आली. "सलाम, अब्बा. बरे आहात? मीपण बरी." झालं. रिसीव्हर परत आईकडे. आधी किती बडबडायची. शाळेत कुणी कुणाचा डबा पळवला तेसुद्धा सांगायची.
झु. म्हणाली, मोठी झाली आता, लाजते.
बापाला कशाला लाजायचं?

४ डिसेंबर
रोजे चालू. प्रॅक्टिस इफ्तारनंतर. दारियो आज खोलीवर आला, मीच बोलावलं. अजान होईपर्यंत त्यानेही पाण्याला हात लावला नाही, हसन दोनदा म्हणाला तरी. झु.ने पाठवलेला सुका जवळा, हसनच्या हातच्या भाकऱ्या. भाकरी जरा जाडच. दारियोने तीन खाल्ल्या. हसन एकदम खूश. "हा आपला माणूस आहे!" आता त्याला स्वतः काम करतो ते गॅरेज दाखवायला रास अल खोरला न्यायचं म्हणतोय, जणू तिथे ताजमहाल आहे.
भिंतीवरचा फोटो बघून दारियोने विचारलं, मुलगी? किती वर्षांची?
पंधरा.
त्याने परत फोटोकडे बघितलं. म्हटलं, फोटो जुना आहे.
मी विचारलं, तुझं लग्न? म्हणाला, "कुठल्या गावात करू?" हसत म्हणाला. हसनने त्याला आणखी भाकरी वाढली.

२८ डिसेंबर
काल ईद. नवीन शर्ट घातला, कुणाला दाखवायचा होता कोण जाणे. रजेचा अर्ज परत आला. सीझन संपल्याशिवाय नाही. "मे के बाद, इन्शाल्ला." झु.ला अजून सांगितलं नाही.
दारियो मात्र धावत आला, अक्षरशः धावत. त्याच्या गावच्या क्लबात डावा बॅक जखमी झालाय. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचा माणूस इथे मॅच बघायला येतोय. पसंत पडला तर लगेच परत बोलावतील. मला खांद्याला धरून हलवलं. "घर, इब्बो! घर!"
मला खरंच आनंद झाला. थोडा हेवाही वाटला, लिहायला हरकत नाही.

९ जानेवारी २००१, मंगळवार
डावा गुडघा. हात ठेवताच कळलं. गरम, आणि आत पाणी झालंय. वाटी खाली ढकलली की परत वर येते. दाबलं तर त्याने दात आवळले.
म्हटलं, डॉक्टर.
"नाही. इब्बो, नाही. सतरा दिवस. फक्त सतरा दिवस."
मी म्हटलं, बघू. त्याने माझा हात सोडला नाही, मी 'हो' म्हणेपर्यंत.
हो म्हणालो.

११ जाने.
सगळे गेल्यावर बर्फ, मग पट्टी, मग झु.ने दिलेलं निरगुडीचं तेल. वासाने तो नाक मुरडतो पण लावून घेतो. सूज थोडी उतरली, की मला तसं वाटतंय?
हसनला सांगितलं. म्हणाला, "इब्राहिमभाय, गुडघा त्याचा, व्हिसा तुझा. डॉक्टरला आत्ता सांग नाहीतर कधीच सांगू नको. मधलं काही करू नको."
मी मधलंच करतोय.

१८ जाने.
पळताना काही दिसत नाही. कोचही खूश. पण पॅव्हेलियनच्या पायऱ्या उतरताना कठडा धरतो. वर बघून हसतो, मी बघितलं का ते पाहायला. मी तोंड फिरवतो.
झोप नीट नाही. आजोबा सांगायचे, फुटलेल्या होडीला रंग देऊ नये. इथे मी रोज रंग देतोय.

२२ जाने., सोमवार
त्याचे वडील आले! कुणाला न सांगता तिकीट काढलं. आयुष्यात पहिल्यांदा विमानात. मीच आणायला गेलो, दारियो प्रॅक्टिसला. ठेंगणे, हात माझ्यासारखेच, अंगठा रुंद, नखं झिजलेली. भाषा एकमेकांना शून्य. गाडीत अर्धा तास ते इटालियनमध्ये बोलले आणि मी मराठीत. काही अडलं नाही. एक सिग्नल लागला तेव्हा त्यांनी माझ्या चपलेकडे बोट दाखवून नापसंतीने मान हलवली. शिवण बघितली वाटतं.
मुलगा समोर आला तेव्हा मिठी नाही मारली. आधी त्याच्या कॉलरची घडी नीट केली.

२४ जाने.
म्हातारा दुपारी प्रॅक्टिस बघायला बसला होता. मग एकटाच माझ्या खोलीत आला. टेबलाजवळ उभा राहून स्वतःच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.
मी न कळल्यासारखं केलं. चहा दिला. त्यांनी सावकाश सगळा प्यायला. कप ठेवला. मग वाकून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तसाच ठेवला.
मी मान हलवली. नाही, चांगला नाही.
ते थोडा वेळ स्टुलावर बसले. उठले, माझा दंड धरला आणि म्हणाले, "दोत्तोरे." हा एक शब्द मला कळला. दंड काही घट्ट धरला नव्हता. सोडवून घेता आला असता. मी त्यांच्याबरोबर गेलो.
डॉ. इजिप्तचे, शांत माणूस. मी सगळं सांगितलं, तारखेसकट. त्यांनी विचारलं, "पंधरा दिवस तुला माहीत होतं?" हो म्हणालो.
मग दारियोला बोलावलं. गुडघा तपासला, बाजूला वाकवून बघितला. बंद, म्हणाले. परवाची मॅच नाही. दारियोने बापाकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.
"तू?"
म्हातारे काहीतरी हळू आवाजात बोलत होते, एकच वाक्य दोनदा. दारियो माझ्यावर ओरडला, इंग्रजीत, म्हणजे ते माझ्यासाठीच होतं. "ऐकलंस, काय म्हणतोय? म्हणतो, मी थांबेन. तो थांबेल! आणि मी? मी कुठे थांबू, इब्बो, सांग? नवव्या गावात?"


२६ जाने., शुक्रवार
मॅच. त्यांचा माणूस आला, गडद सूट, एवढ्या उन्हात. दारियो ट्रॅकसूटमध्ये त्याच्या एका बाजूला, बाप दुसऱ्या बाजूला. हाफटाइमला तो माणूस उठला, दारियोच्या पाठीवर थाप मारली आणि गेला. आम्ही दोन-एकने जिंकलो. ड्रेसिंग रूममध्ये नाचगाणी, यल्ला यल्ला. मी पट्ट्या गोळा करत होतो. तो आत आलाच नाही.

२ फेब्रुवारी
गेले दोघं. करार तोडला, ऑपरेशन तिकडेच. एअरपोर्टला ड्रायव्हर जाणार होता, मी म्हटलं मी जातो. दारियो मागे बसला. बॅग मी घेतली तर त्याने काढून घेतली.
म्हाताऱ्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. दारियो तोपर्यंत आत गेला होता, कुबडीवर. मागे वळेल म्हणून काचेपाशी उभा राहिलो. पार्किंगवाला हॉर्न मारायला लागला तेव्हा निघालो.

१० फेब्रु.
मॅनेजरने बोलावून झापलं. लपवलं म्हणून नाही, उशिरा सांगितलं म्हणून. पुढच्या वर्षीच्या कराराचं "बघू" म्हणाला. हसन म्हणतो, माफी मागून खलास कर. कशाची? लपवल्याची की सांगितल्याची?

१२ मार्च
नसीमची परीक्षा चालू. आज गणित. सकाळपासून हात कामात नाही. एकाच्या चुकीच्या पायाला मालिश केली, शेवटी त्या बिचाऱ्यानेच दुसरा पुढे केला.
फोन केला. झु. म्हणाली, पेपर बरा गेला म्हणते, आता झोपलीय. उठवू का? म्हटलं नको.

१९ एप्रिल
डॉ.ना इटलीहून रिपोर्ट आला. ऑपरेशन झालं. आतलं लिगामेंट जेमतेम धरून होतं. डॉ. म्हणाले, "त्या दिवशी खेळला असता तर..." दारियोच्या जागी तिकडे दुसरा डावा बॅक घेतलाय, दोन वर्षांसाठी. याचं काय ते जुलैत ठरेल.
म्हणजे माझं बरोबर होतं.
मालिशचं टेबल पुसताना अजून वाटतं, आता तो येईल, नाक मुरडेल.

५ जून
रजा मिळाली. पंचेचाळीस दिवस. कराराचं परत आल्यावर, किंवा परत यायचं की नाही ते तिकडे कळवू, असं मॅनेजरचं म्हणणं. झु.ला सांगितलं तर ती हसली की रडली, लाइनमध्ये खरखर फार. नसीमला दिला फोन.
"अब्बा, किती दिवस?"
कधी येताय, असं विचारलं नाही. बरोबरच आहे तिचं. मी तिच्याकडे मोजून येणारा माणूस आहे. म्हटलं, बघू या. ती म्हणाली, "असं नका म्हणू. नक्की सांगा. म्हणजे मला तसं ठरवता येईल." काय ठरवायचंय ते विचारायला धीर झाला नाही.

११ जून, सोमवार
लॉन्ड्रीत टॉवेल मोजायला गेलो होतो. परत आलो तर रिसेप्शनवरची लिसी म्हणाली, "वो इटालियन का फोन आया था. आपको पूछा."
"क्या बोला?"
"बोला, इब्बो है? मैं बोली बाहर गया. बोला, थर्सडे को फिर करेगा."
माझं विमान बुधवारी.
विचारलं, आवाज कसा होता? रागात? लिसी म्हणाली, "इतने दूर के फोन में क्या पता चलेगा, भाईसाब." नंबर ठेवला नव्हता. इटलीचे कागद डॉ.कडे, पण ते सुट्टीवर, त्यांच्या कपाटाला कुलूप.
तिने पेन घेतलं. थर्सडेला आला तर काय सांगू? म्हटलं, लिही, मला माफ कर. तिने लिहिलं. मग म्हटलं, खोड. ती वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा म्हाताऱ्यांबरोबर डॉक्टरकडे जाईन, मग माफी कसली? ती पेन धरून वाट बघत होती. शेवटी गावच्या घरचा नंबर दिला, कोडसकट. म्हटलं, त्याला म्हण, इथे कर. कधीही कर. मी तिथेच आहे.
लिसीने नंबर दोनदा वाचून दाखवला. बरोबर होता.
पावसाळ्यात आमच्याकडचे फोन आठ-आठ दिवस बंद असतात. ते तिला सांगितलं नाही.