टाकीतला गाळ

२१ ऑक्टो. १९९६
चिनहटला गेले. तिथल्या कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीत गाळानं छान तपकिरी रंग धरलाय. पाण्याला येणारा फिनॉलचा वास जवळजवळ गेला. सगळं काम आमच्या लॅबनं गाळात सोडलेल्या जिवाणूंचं, विष खाऊन जगतात बिचारे. मागच्या वस्तीतली रामदुलारी म्हणाली, "बहिनजी, नाला अब कम महकत है." तिच्या हँडपंपाच्या पाण्याला अजून औषधासारखी चव. होईल. हळूहळू.

५ नोव्हें.
टाकी रिकामी. दिवाळीची सफाई म्हणून मॅनेजरनं गाळ खरवडून मागे फेकायला लावला, वर ब्लीचिंग पावडर. कठड्याला गेरूचे पट्टे. "देखिए मॅडम, चमका दिया। लक्ष्मीजी कीचड़ में थोड़े आएँगी।" गाळ जिवंत आहे हे त्याला किती वेळा सांगितलं होतं. मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तो हसला. "आप तो ऐसे रो रही हैं जैसे घर में कोई मर गया हो।"
कारखाना मात्र चालूच. पाणी सरळ नाल्यात.

७ नोव्हें.
घरची सफाई. सगळी भांडी घासली, विरजणाची वाटी तेवढी बाजूला ठेवली. एवढं कुठल्याही स्वयंपाकघरात कळतं. त्या मॅनेजरच्या घरीही कळत असेल.

१३ नोव्हें.
लॅबमध्ये साहेबांनी बोलावलं. "रिपोर्ट में लिख दीजिए, बैक्टीरिया टिके नहीं। बात ख़त्म।"
टिकले नाहीत म्हणे. सही केली नाही. "तो कोई और कर देगा," म्हणाले, आणि चहा मागवला. आमच्या जिवाणूंच्या नळ्यांचं कपाट आता त्यांच्या कुलपात.

१६ नोव्हें.
कारखान्याच्या गेटवर अडवलं. मागून नाल्यावर गेले. फेकलेल्या गाळाचा ढीग, वरून सुकलेला, आत ओल. बरणीत भरला. रामदुलारी बघत होती. "ई कीचड़ का करिहौ?" म्हटलं, पालूँगी. हसली नाही. पंप हापसून माझ्या हातांवर पाणी घातलं. धुतलेल्या हातांनाही फिनॉलचा वास, पंपाच्या पाण्याचाच. ती हेच पिते.

२३ नोव्हें., शनि.
बरणी बाल्कनीत. लेकीच्या, मुक्ताच्या जुन्या फिशटँकचा पंप लावून हवा देते, रोज थोडं नाल्याचं पाणी. मुक्ता म्हणते, "मम्मी, पड़ोस वाली आंटी पूछ रही थीं, मछली कब आएगी?" आमच्या विकास नगरात आता मी वेडी ठरणार बहुधा.
साहेबांचा निरोप: सोमवारी सहीचं शेवटचं विचारतील.
आज बरणीचा वास कमी वाटला. की माझंच नाक सरावलं? मुक्ताला हुंगायला लावलं. "पता नहीं," म्हणाली. परत हुंगलं तिनं. मग नाल्याच्या पाण्याची बाटली उचलून स्वतःच थोडं बरणीत ओतलं.