जबड्यातली जमीन

३ फेब्रुवारी

चि. चिमणीला पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आम्ही दोघं खुशाल, फक्त माझ्या तोंडाचा पाया खचलाय. मी सांगते आहे आणि तुझे आजोबा लिहिताहेत. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासून दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आता बायको सांगेल ते निमूट उतरवतात. (हे वाक्य आलंय का, तेवढं कळव.)

परवा शेजारणीशी बोलता बोलता खालची कवळी थेट तिच्या मांडीवर पडली. म्हणून पक्के दात बसवायला दातांच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने जबड्याचा फोटो काढला, दिव्यावर धरला आणि म्हणाला, आजी, इथे हाडच उरलेलं नाही. मी बाई थक्कच! इतकी वर्षं कवळी घातली की आतलं हाड झिजत जातं म्हणे. जमीनच नाही तर स्क्रू रोवायचा कुठे? आधी भर घालायची. भर कसली, तर हाडाची. आणि हाड कुणाचं? मेलेल्या माणसाचं! हाडांची पेढी असते, तिथून शुद्ध केलेली भुकटी येते. माझी दातखीळच बसायची, पण त्यालाही आधी दात लागतात.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच. ज्याचं हाड, त्या बिचाऱ्याला कुणी विचारलं का, की बाबा रे, अशी बडबडी म्हातारी चालेल का? माणूस अबोल असला तर त्याचे किती हाल!

तू दातांची डॉक्टरीण होऊ घातलीस, तेव्हा खरं काय ते लिही. फोन नको. मला नुसती भुणभुण ऐकू येते, आणि ह्यांच्या हातात दिला की हे ‘सगळं मजेत’ म्हणून ठेवून देतात. जबड्याचा फोटो पाकिटासकट धाडते आहे. माझं इतकं आतलं रूप ह्यांनीही आजवर पाहिलं नव्हतं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी बोळकी आजी


९ फेब्रुवारी

ती. आजीस कृ. सा. न. वि. वि.

वाक्य आलंय! वसतिगृहात जेवताना तुझं पत्र वाचलं आणि हसून हसून ठसका लागला. मग फोटो उजेडात धरला आणि हसू थांबलं. खालचा जबडा पेन्सिलीएवढा उरलाय गं.

हाडाचं म्हणशील तर ती माणसं जिवंतपणीच राजीखुशीने सांगून ठेवतात, किंवा घरचे देतात. ती भुकटी म्हणजे नुसता मांडव. त्यावर तुझंच हाड वेलीसारखं चढतं. तुझ्या हनुवटीतला तुकडाही काढता येतो, पण हनुवटीच्या बाबतीत तू किती हळवी, ते मला माहीत आहे.

आता एक भीतीची गोष्ट. काही औषधं घेणाऱ्यांचा जबडा कापला, तर जखम भरत नाही. हाड जागच्या जागी मरतं. हाडं ठिसूळ झाली की ही औषधं देतात, आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा सलाईन. तू असं काही घेतेस का? घेत असशील तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय त्यांना हात लावू देऊ नकोस. माझं उत्तर येईपर्यंत तारीखही घेऊ नकोस.

एवढं सांभाळलंस तर सगळं छान होईल. घाबरू नकोस.

आजोबांना नमस्कार. तुम्हा दोघांचा लोभ मला रोज लागतो, तो चालू ठेवा.

तुझी चिमणी


१६ फेब्रुवारी

चि. चिमणीला आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. हाताला पाकीट चांगलं जाड लागलं, पण ह्यांनी चहाची वाफ जिरायच्या आत वाचून संपवलं. डॉक्टरांचं अक्षर मोठं असतं, असं म्हणाले. असो. माणसं राजीखुशीने देतात, वेलीसारखं चढतं, सगळं छान होईल, घाबरू नकोस, हे ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. शुक्रवारची सकाळ ठरवून टाकली.

डॉक्टरने औषधं विचारली. ह्यांनी रक्तदाबाची गोळी सांगितली. मी म्हटलं, कंबरेच्या डॉक्टरीणबाई देतात ते वर्षाचं सलाईनही सांगा, गेल्या महिन्यातच तिसरं झालं. त्यावर हे म्हणाले, अगं, ते ताकदीचं, ते औषध थोडंच! डॉक्टरही घाईत होता. राहिलं.

त्या हाडवाल्याला मी आता पाहुणा म्हणते. पाहुणा जन्माचा राहायला येतोय, तेव्हा परवापासून तोंडात शिवी येऊ देत नाही. ह्यांचीच चैन झाली आहे.

आमची आठवण काढत जा, उचकी लागली तरी चालेल.

तुझी आजी


२० फेब्रुवारी

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे, अक्षराला नावं ठेवू नका. आजीचं पत्र आज सकाळी वर्गाबाहेर उघडलं. ‘वर्षाचं सलाईन’ वाचलं आणि तोंडचं पाणी पळालं. आज शुक्रवार! घरचा फोन नुसता वाजत राहिला. शेवटी फोटोच्या पाकिटावर दवाखान्याचा नंबर सापडला. तिथल्या बाई म्हणाल्या, आजी खुर्चीवर आहेत, भुलीची सुई झाली आहे. मी इतक्या जोरात ओरडले की सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. डॉक्टर फोनवर आले आणि ऐकून म्हणाले, थांबवतो.

आजोबा, मी हे सगळं लिहिलं होतं. विचारलं होतं. तो मजकूर गेला कुठे? दुसऱ्यांची गळलेली ओळ तुम्ही लांबून ओळखायचात. रागावून नाही, घाबरून विचारते आहे. मला आजी हवी आहे, बोळकी तर बोळकी.

आशीर्वाद असू द्या.

तुमची चिमणी


२७ फेब्रुवारी

चि. चिमणीला आशीर्वाद. वि. वि.

जबडा शाबूत आहे. जिभेची काळजी तू करणारच नाहीस.

भुलीने अर्धं तोंड परक्याचं झालेलं, डॉक्टरच्या हातात सुरी, आणि फोनवरच्या बाई धावत आत आल्या. डॉक्टर परत आला तो पांढराफटक. त्याने सलाईनचं विचारलं, तर मला एक शब्द फुटेना. आयुष्यात एकदाच बोलती बंद व्हायची होती, ती नेमकी तेव्हा! मी मान डोलावली. तो स्टुलावर बसूनच राहिला.

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, ते पत्र काढा आणि ओळीवर बोट ठेवून वाचा. ‘आता एक भीतीची गोष्ट’ इथे बोट थांबलं. पुढे सरकेना. मग कबूल झाले. असं काही दिसलं की ह्यांची नजर आपोआप पुढच्या परिच्छेदावर उडी मारते. माझ्यापासून लपवलं नव्हतं गं. स्वतःच वाचलं नव्हतं!

सुरीने बसला नाही इतका धक्का मला याने बसला. माझे तपासणीचे कागद, दुखण्याखुपण्याची पत्रं, सगळं हे किती शांत आवाजात वाचायचे! त्या आवाजाला टेकून मी एवढी दुखणी काढली. आणि तो आवाज धीट होता, कारण त्याने काही वाचलंच नव्हतं!

दोन दिवस अबोला धरला. पण तुला पत्र धाडायचं तर ह्यांच्याशी बोलावंच लागतं. अक्षरशत्रू बायकोला धड रुसताही येत नाही.

दातांचा डॉक्टर आणि कंबरेच्या डॉक्टरीणबाई आपसांत बोलले. जबड्याला हात लावायचा नाही, कवळीच आतून नव्याने बसती करून देणार. पाहुणा दुसऱ्या कुणाच्या घरी जाईल. सुटला बिचारा.

काल ह्यांना तुझं ते पान पहिल्यापासून वाचायला लावलं. ‘हाड जागच्या जागी मरतं’ इथे आवाज फाटला. पाणी प्यायले, आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना पहिल्यांदा घाबरलेलं ऐकलं, आणि उठून ह्यांच्याजवळ जाऊन बसले. हे वाक्य लिहायला तयार नव्हते. दोनदा सांगितलं, तेव्हा लिहिलं.

आमच्यावरची माया आहे तशी राहू दे, आणि वाईट असेल तेही खुशाल लिही. आता इथे वाचणारं माणूस आहे.

तुझी आजी