जो भरीत खाईल तो हरला

श्री. हितेंद्रभाऊ वकीलसाहेब यांस,

तुमचे मेहुणे रतिलाल यांचा रामराम. इकडे सर्व खुशाल, तिकडची खुशाली कळवावी. तुमचं पित्त कसं आहे? (आमच्या बन्सीलाल वकिलांनी उलटतपासात तुमच्या साक्षीदाराची बोबडी वळवली त्या दिवसापासून ते उसळलंय, असं ऐकतो.) चि. डिंपलला आशीर्वाद. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही ‘कोर्टात आहे’ म्हणता आणि मागे कुकरची शिट्टी ऐकू येते.

तर निकालाचं. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याविरुद्ध तुम्ही माझ्या बांधाशेजारच्या मोतीलालचं वकीलपत्र घेतलंत, तेव्हा निकाल तुम्हाला पाठच असणार. पण पुढे गावात काय झालं ते तुम्हाला कोणी खरं सांगणार नाही, मोतीलाल तर नाहीच. माझं मागणं एवढंच होतं, की माझ्या केळीचा ट्रक त्याच्या शेताच्या मधून जाऊ द्यावा. न्यायाधीशसाहेबांनी रस्ता दिला, पण मधून नाही, बांधाच्या कडेने. नुकसानभरपाई नाकारली आणि खाली लिहिलं, खर्च ज्याचा त्याने सोसावा. आता रस्ता मागितला मी, मिळाला मला, म्हणजे जिंकलो मी. यात न समजण्यासारखं काय आहे? पण मोतीलाल म्हणतो, शेताच्या मधून चाक फिरू दिलं नाही, म्हणून जिंकला तो. दोघांनी एकाच संध्याकाळी फटाके लावले आणि दोन्हीकडचे पेढे खाऊन गावाने दोघांचंही अभिनंदन केलं.

एवढ्यावर भागलं असतं, पण दावा दाखल झाला तेव्हाच आम्ही मारुतीच्या पारावर अमृत आबांसमोर (गावातले सर्वांत वडीलधारे, जेवणाला आजवर नाही न म्हणालेले) शब्द दिला होता, की हरेल त्याने दोन्ही वकिलांची फी भरायची. आपण हरणारच नाही याची खात्री असल्यामुळे मी तेव्हा फीत घासाघीससुद्धा केली नाही. (मोतीलालनेही केली नसावी, हे तुमच्या नव्या गाडीवरून दिसतं.) आबांनी निकालपत्र वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि म्हणाले, कागदावरून काही कळत नाही. आपल्याकडे जिंकणारा भरीत पार्टी देतो आणि हरणारा मुकाट्याने येऊन खातो. तेव्हा जो दुसऱ्याचं भरीत खाईल तो हरला. गावाला हा कायदा फार आवडला, कारण जिंकलेले दोन म्हणजे पार्ट्या दोन.

एकाच रविवारी दोन्ही शेतांत पंगत बसली. वांगी भाजायला कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या फक्त मोतीलालकडे (माझ्याकडे सगळी केळीच), म्हणून तुमची बहीण पुष्पा आणि त्याची बायको भिकुबाई एकाच जाळावर भाजत होत्या. मी हरकत घेतली नाही. जाळ काही पक्षकार नसतो. बांधाच्या पलीकडे मोतीलाल, अलीकडे मी, आपापल्या पातेल्यासमोर. मला खिजवायला तो बोटं चाटून दाखवत होता, म्हणून मीही तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणालो, की असं भरीत या शिवारात आजवर झालं नाही. तेवढ्यात भिकुबाई पदर खोचून उभी राहिली. “भाऊजी, तुमच्या पुढचं पातेलं आमचं आहे. आन् आमच्या ह्यांनी खाल्लं ते पुष्पाचं!” मोतीलाल ओरडला, “मी खाल्लं नही, नुसतं चाखलं!” (तोंडात ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी होती, त्यामुळे ही हरकत टिकली नाही.) आणि तुमची बहीण त्या दिवसापासून रोज विचारते, भाजी मी करू की भिकुबाईला बोलावू.

आबांनी ढेकर देऊन निवाडा सांगितला. दोघांनी खाल्लं, दोघे हरले, तेव्हा प्रत्येकाने दुसऱ्याच्या वकिलाची फी भरायची. म्हणजे मी तुमची. भर कोर्टात तुम्ही मला ‘आडमुठा वादी’ म्हणालात, हितेंद्रभाऊ. तो शब्द ऐकून घ्यायचा मी आणि त्याचे पैसेही मोजायचे मीच, हे मला खरोखर लागलंय. असो. तब्येतीस जपावे.

आपला,
रतिलाल

ता. क. अपील करायचं आहे. मोतीलालचं काम संपलं, तुम्ही मोकळे, तर आता माझं वकीलपत्र घ्या. (‘आडमुठा’ तेवढा त्याच्याकडे वळवा.) नवी फी हरेल तो देईल. जुनी नात्यातली म्हणून सोडून द्यावी.

दुसरा ता. क. हितू, पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून पुष्पाताईच्या चार ओळी. पातेली चुकून बदलली नाहीत, मी आणि भिकुबाईने बदलली. विरोधी वकिलाचं घर म्हणून ह्यांनी इतकी वर्षं अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, मला माहेरी येऊ दिलं नाही. झोका बांधलेला दिसला की रडू यायचं रे. भिकुबाईशी बांधावर बोलायचीही चोरी होती. तू अपील घेऊ नकोस. फी मात्र सोडू नकोस, ह्यांच्याकडून पुरती वसूल कर. आखाजीला मला न्यायला येशील तेव्हा ती माझ्या हातावर ठेव, अर्धी भिकुबाईला देईन. दावा आम्ही दोघींनी जिंकलाय.