घरचं नाव

हलेइवा, ओआहू
४ डिसेंबर १९७९

ती. इवालानीआत्यास मापुआनाचा वाकून नमस्कार. वि. वि.

तू पाठवलेली अळूच्या कंदाची पोई पोचली. तुझ्या भाच्याने, मकानाने, एका बैठकीत अर्धी संपवली आणि वर विचारलं, की आत्याने माझ्यासाठी काय पाठवलंय.

कळवायचं ते वेगळंच आहे. बाबांची लाटांवर स्वार व्हायची फळी आता भिंतीला टेकवून ठेवायची नाही, असं आईने ठरवलंय. प्रवाळावरच्या मोठ्या लाटेच्या पोकळीतून मी हंगाम संपेपर्यंत उभी बाहेर आले तर फळी माझी, नाहीतर मकानाची. बाबांचाही शब्द तोच होता. तीन वर्षांपूर्वी त्याच लाटेतून ती फळी एकटी परत आली. तेव्हापासून आईने किनाऱ्यावर पाऊल ठेवलेलं नाही, हे तुला ठाऊकच आहे.

आत्या, मी नऊदा आत गेले आणि नऊदा पडले. लाट डोक्यावरून वळते, हिरवा बोगदा होतो, पुढे उजेडाचं तोंड दिसतं. तेवढ्यात मागून कोणीतरी मला घरच्या नावाने, ओपिही म्हणून हाक मारतं आणि मागे बघ म्हणतं. आवाज बाबांचा आहे. मी बघते आणि पडते. मकाना चारचौघांत म्हणतो, की मापुआनाबाई दारापर्यंत जातात आणि चपला काढायच्या आत परत फिरतात. मला त्याला खोटं सांगवत नाही आणि खरं सांगायची भीती वाटते.

तुझी लाडकी (अजून असेन तर),
मापुआना


मोलोकाई
११ डिसेंबर १९७९

चि. मापुआनास ओंजळभर आशीर्वाद.

मकानाला सांग, त्याच्यासाठी अळूच्या वाफ्यातला चिखल राखून ठेवलाय, उपसायला ये.

तुझं पत्र वाचून हातातलं काम खाली ठेवलं. पाण्यात मागे बघ, असं तुझ्या बाबाने तुला कधी सांगितलं होतं का गं? शाळेत जायच्या आधीपासून त्याने तुझ्याकडून घोकून घेतलं, की फळी नजरेच्या मागोमाग जाते, म्हणून नजर बाहेरच्या उजेडावर ठेवायची. माझा भाऊ मेला तरी स्वतःचा धडा मोडणार नाही. आणि पाण्यावर घरचं नाव घ्यायचं नाही, ही आपली रीत. तिथे तो तुला नुसती शीळ घालायचा. तेव्हा हाक मारतंय ते तो नव्हे.

मग जे हाक मारतंय त्याला तुझं घरचं नाव कोणी सांगितलं? आठवून लगेच लिही. तोवर पाण्यात उतरू नकोस.

तुझी काळजी करणारी,
आत्या


हलेइवा
१८ डिसेंबर १९७९

ती. आत्यास, नमस्कार करायलाही लाज वाटते आहे.

मीच सांगितलं. पहिल्या दिवशी, बाबांनी शिकवल्याप्रमाणे, किनाऱ्यावर उभं राहून मी कोण, कोणाची, ते सांगितलं आणि आत यायची परवानगी मागितली. मापुआना एवढंच नाव पुरलं असतं. पण मला वाटलं, परवानगी मागताना काही लपवलं तर ती फसवणूक होईल. म्हणून घरी मला ओपिही म्हणतात, लहानपणी मी बाबांच्या पाठीला खडकावरच्या शिंपलीसारखी चिकटून बसायची म्हणून, तेही मोठ्याने सांगून टाकलं. त्या क्षणी वारा पडला, एवढं आठवतं.

पाण्यात उतरलेले नाही. पण परवा घरात हात धुताना नळातूनही तीच हाक आली. काय करू, ते सांग. फळी गेली तरी चालेल, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही.

चुकलेली,
मापुआना


मोलोकाई
२ जानेवारी १९८०

चि. बाळे, आशीर्वाद आहेतच. आधी बोलणी खा.

वेडे, इतकं खरं कोणी बोलतं का? दिलेलं नाव परत मागता येत नाही. पण त्या नावाची तू राहायलाच हवीस, असंही नाही. आपल्यात नाव स्वप्नात येतं. रविवारी पहाटे मला एक आलं. सोबतच्या चिठ्ठीत आहे. वाच, मनात ठेव, चिठ्ठी जाळून टाक. कोणाला सांगू नकोस, पाण्याला तर नाहीच.

मग जा. हात लाटेच्या भिंतीत, गुडघे वाकलेले, नजर उजेडावर. हाक येईल. बाजारात दुसऱ्याच कोणाच्या नावाने हाक आली तर आपण थांबतो का? तशीच पुढे जा.

वाट बघणारी,
आत्या


हलेइवा
१४ जानेवारी १९८०

ती. आत्यास अनेक नमस्कार.

मी बाहेर आले. उभी, केससुद्धा कोरडे. मकानाने स्वतः फळी माझ्या खोलीत आणून ठेवली आणि म्हणाला, की बाईंनी काढल्या बुवा चपला एकदाच्या.

हाक आली होती. नेहमीपेक्षा जवळून, मानेपाशी. मी उजेडाकडेच बघत राहिले. आणि मग, आत्या, माझ्या मागून एका लहान मुलीने ओ दिली. आले म्हणाली. माझी पाठ एकदम हलकी झाली, कोणीतरी पाठीवरून उतरून जावं तशी.

संध्याकाळी आई जेवायला बोलवायला आली आणि दारातच थांबली. लहानपणी आम्ही तुला काहीतरी म्हणायचो, काय गं ते, असं तिने विचारलं. मला आठवत नाही, असं मी म्हणाले. हे मी आयुष्यात बोललेलं पहिलं खोटं.

माझ्यावरचा लोभ मोडू नकोस. खाली नाव लिहीत नाही. तुला ठाऊक आहे.

तुझी