दरवाज्याजवळची खुर्ची

११ जानेवारी, रविवार

किळस आली. दुसरा शब्द नाही. दिग्विजय भल्ला नावाच्या माणसाने सलग तीन तास माझ्या डोक्यावर पत्रे बडवले. 'वज्रकोट २'! पहिला कमी पडला म्हणून! पेट्रोलचा टँकर हवेत उडतो, हवेतच फुटतो आणि हिरो त्यातून चालत बाहेर येतो — केस विंचरलेले. एकतीस वर्षं मी कारखान्यात फायर-सेफ्टीत काढली. टँकर असा फुटत नाही. आणि फुटला तर चालत कुणी येत नाही.

सगळा विमलचा हट्ट. देवळात चल म्हटलं की हिचे गुडघे दुखतात, आणि भल्लाचा सिनेमा लागला की तिसऱ्या दिवशी साडी नेसून तयार! तीन वर्षांतला हा तिसरा. एवढं काय असतं त्यात, विचारलं. 'बरं असतं,' म्हणाली. संपलं.

नेहमीसारखी दरवाज्याजवळची कडेची खुर्ची घेतली. तर इमर्जन्सी एक्झिटच्या तोंडावर हिरोचा सहा फुटी पुठ्ठ्याचा पुतळा! तिकीटवाल्याला म्हटलं, हा हलव. 'काका, ए तो सेल्फी माटे छे.' म्हणजे आग लागली तर सेल्फी काढत जळायचं! शेवटी मीच उचलून भिंतीला टेकवला.

शेवटची हाणामारी संपली आणि नावं सुरू व्हायच्या आत मी बाहेर. नोकरीची सवय — गर्दी उठण्याआधी आपण दाराबाहेर. विमल मात्र दिवे लागेपर्यंत बसून राहते. मी दहा मिनिटं पार्किंगमध्ये स्कूटरपाशी तिष्ठत. आली तर डोळे ओले! भल्लाच्या सिनेमाला रडते ही बाई! 

१२ जानेवारी

कान अजून वाजतायत.

१४ जानेवारी, उत्तरायण

सकाळपासून वारा नाही. अख्खं बडोदं गच्चीवर, माना वर करून. समोरच्यांनी स्पीकर लावलाय — गाणं भल्लाच्याच सिनेमातलं. सुटका नाही! उंधियू बाहेरून आणलं, त्यावर बोटभर तेल.

आमच्या कठड्याला जुना बांबू अजून बांधलेला आहे. वारा कुठून येतोय ते कळावं म्हणून त्याला लाल फडकं असायचं. शर्वरी दर वर्षी नवं बांधायची, आईच्या जुन्या साडीचं. बाकीची पोरं पतंग बघायची, ही फडकं बघत बसायची. विमलला म्हटलं, ती हिरव्या काठाची लाल साडी, तिची एक पट्टी फाडून दे. 'ती दिली.' कुणाला? 'आली कुणाच्या तरी उपयोगाला.' आणि तिळगुळाचा डबा उचलून खाली निघून गेली.

शर्वरीचं नाव लिहिलं खरं. घरात ते काढायचं नाही असं मीच बजावलंय. तीन वर्षं झाली. फायर-सेफ्टीचा डिप्लोमा केला, करजणकडच्या एका कारखान्यात मी शब्द टाकून तिला चिकटवली, आणि दोन वर्षांत सगळं सोडून मुंबईला — सिनेमात!

'माणसं वाचवायची सोडून तमाशात चाललीस?'

'बाबा, तिथेही माणसंच असतात.'

'मग त्यांच्यातच राहा.'

हे मी म्हणालो. पोटच्या एकुलत्या एका पोरीला. तिथे ती करते काय, तेही विचारलं नाही. कुणा नटाच्या डोक्यावर छत्री धरत असेल. विमलने माझा शब्द अक्षरशः पाळलाय, कधी नाव काढत नाही. फोन आला की बाल्कनीत जाते आणि दार ओढून घेते.

१५ जानेवारी

आमच्या मंडळाच्या फिल्म क्लबात एक सलील आहे. प्राध्यापक, दाढीवाला. त्याने ग्रुपवर भल्लाची चामडी लोळवलीय. मी चहा पिता पिता मोठ्याने हसलो. शाबास! काही वाक्यं तर उतरवून ठेवण्यासारखी:

'भल्लाला साधी गर्दी पळवता येत नाही. जीव मुठीत धरून पळणारी माणसं शाळेच्या कवायतीसारखी आधी आडवी जातात, मग वळून सगळी एकाच कोपऱ्यात. त्या कोपऱ्यात बांबूवर एक लाल चिंधी राहून गेलीय, तीही काढायचं कुणाला सुचलं नाही. तीन सिनेमे तेच! आणि कॅमेरा इतका लांब, जणू दिग्दर्शकच घाबरून पळालाय.'

तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा हसू आलं नाही. आधी आडवी?

१७ जानेवारी

काल आणि आज भल्लाचे आधीचे दोन सिनेमे फोनवर बघितले. बाल्कनीत, विमलला दिसू नये म्हणून! या वयात चोरून काय बघतोय, तर भल्ला!

गोष्ट टाकाऊ. संवाद ऐकून अंगावर पाल पडल्यासारखं होतं. पण स्फोट आला की मी मागे घेऊन पुन्हा बघायचो. धूर उजवीकडे चाललाय. माणसं धुराबरोबर पळत नाहीत, धुराच्या तोंडावरही जात नाहीत. आधी आडवी निघतात, धुराच्या पट्ट्यातून बाहेर पडतात, मग वळून वाऱ्याच्या उगमाकडे. लाल फडकं जिकडे असतं तिकडे. ही कवायत नाही! एकतीस वर्षं मी घसा फोडून हेच शिकवलं. खरा धूर, खरी आग, आणि पळणारी माणसंही खरी. आणि कॅमेरा लांब का? तुकडे जोडलेले नाहीत म्हणून. मी मोजले — एकेचाळीस आत होते, एकेचाळीस बाहेर आले. शेवटचा माणूस येईपर्यंत भल्ला कॅमेरा हलवत नाही.

आमच्या कारखान्यातला तो जुना दिवस आठवला. रात्रपाळी आटोपून नंदू घरी निघाला होता, सकाळचे सात. कंत्राटी कामगार, छाणी गावचा, शर्वरीला खांद्यावर बसवून गच्चीवर नाचायचा. टाकीतून अमोनिया वायू सुटला. वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी माझ्या डोक्यावर फडफडत होती आणि मी वर न बघता ओरडलो — गेटाकडे पळा! गेट वाऱ्याच्या खालच्या अंगाला होतं, वायू तिकडेच चालला होता. तिघे तिकडे पळाले. दोघे वाचले, नंदू नाही. चौकशीत मला कुणी बोल लावला नाही. त्या दिवशी घरी येऊन विमलला हे सांगितलं. दाराआड शर्वरी उभी होती, नऊ वर्षांची. त्या वर्षीपासून ती फडकं बांधायला लागली.

भल्लाची शिसारी येते म्हणतो मी. आणि माझी?

१८ जानेवारी, रविवार

क्लबची बैठक. जायला नको होतं. गेलो.

सलीलने मोठ्या पडद्यावर तोच प्रसंग लावला. हशा! दत्ताजीराव तर खुर्चीवरून पडायचे बाकी. मी उभा राहिलो. म्हटलं, वारा बघा. कुणाला कळेना. मग फळ्यावर बाण काढून दाखवले, धूर इकडे, माणसं अशी.

सलील म्हणाला, 'काका, तुम्ही भल्लाचे फॅन कधीपासून?' पुन्हा हशा.

म्हटलं, फॅन कसला! तीन तास मळमळतं मला! पण हा माणूस कोट्यवधी ओततो, आणि सगळी तुमच्यासारखी शहाणी मंडळी हसणार हे माहीत असून लोकांना बरोबर दिशेने पळवतो. एकदा नाही, तीनदा! खोटं वाटलं तरी चालेल, पण माणूस भाजता कामा नये — असं ठरवलेला दुसरा दाखवा मला.

'पण सिनेमा म्हणून, काका?'

'सिनेमा म्हणून कचरा. माणूस म्हणून माझ्यापेक्षा बरा.'

काय बोलून बसलो! मग सलीलनेच भल्लाची एक मुलाखत शोधून फोनवर ऐकवली. मुलाखत घेणाऱ्याने हसत हसत त्याच कवायतीबद्दल विचारलेलं. भल्ला म्हणतो, 'भीड़ किधर भागेगी ये मैं तय नहीं करता. मेरे सेफ्टीवाले तय करते हैं. पिछले साल हवा पलटी, उन्होंने ना बोला, तो दो दिन पूरी यूनिट बैठी रही. हँसो आप.'

सलील हसला नाही. मला खालपर्यंत सोडायला आला, स्कूटर स्टँडवरून काढून दिली.

१९ जानेवारी

भल्लाला पत्र लिहायला बसलो. 'आपले सिनेमे मला आवडत नाहीत' यापुढे जाईना. विमलला म्हटलं, उद्या पुन्हा जाऊ, वज्रकोट. तिच्या हातातली ताटली पडली.

२० जानेवारी, मंगळवार

दुपारचा खेळ. आम्ही धरून नऊ माणसं. पुतळा पुन्हा दारासमोर, पुन्हा हलवला. शेवटच्या स्फोटात मी हिरोकडे बघितलंच नाही, फडक्याकडे बघितलं. लाल. काठ हिरवा.

सिनेमा संपला तसा सवयीने उठलो. विमलने मनगट धरलं. 'आज बसा.'

बसलो. नावं वर सरकत राहिली. केस विंचरणाऱ्यांची, चहावाल्यांची, गाड्यांची. मग — सेट सेफ्टी प्रमुख, शर्वरी धनाजीराव मोहिते. आणि अगदी शेवटी, कारखान्याच्या गेटावर असते तशी पाटी: अपघाताविना दिवस ६१४. खाली बारीक अक्षरात, नंदूकाकांसाठी.

दिवे लागले. 'काका, पूरुं थई गयुं,' तिकीटवाला म्हणाला. मी खुर्चीतच होतो. विमलने फोन लावला आणि न बोलता माझ्या हातात दिला.

पलीकडून शर्वरीच बोलली, 'काय गं आई — आजही बाबा आधीच उठले?'